मी सरळ केलेली शीव

यवतमाळला निघालोय म्हटल्यावर साताऱ्यात भेटेल त्याने एकच प्रश्न विचारला, "मे महिन्यात?" प्रश्नात काळजी कमी आणि माझ्या डोक्याविषयी शंका जास्त होती. बायकोने कांदे बांधून दिले, एक खिशात आणि दोन पिशवीत.

मला जायचंच होतं. नोकरीत मी आरेखक होतो. शहर कुठल्या बाजूने वाढवायचं, रस्ते कुठून न्यायचे, शाळा कुठे, बाजार कुठे, याचे नकाशे शाईने काढायचे, हे माझं काम. कुठल्या कचेरीत ते सांगत नाही. तिथले साहेब अजून हयात आहेत आणि मीही. तीसेक वर्षांपूर्वी यवतमाळच्या कडेकडेच्या गावांचा आराखडा माझ्या टेबलावर आला आणि पावसाळाभर राहिला. तिथली बोळ न् बोळ मला पाठ झाली. शहर मात्र मी कधी पाहिलं नाही. पाहायची गरजच नसते असं तेव्हा वाटे. मोजणीवाले मोजून आणतात, आपण रेषा मारायची. आणि माझी रेषा सरळ असायची. या एका गोष्टीचा मला भारी गर्व होता.

वानखडे हा त्या मोजणीवाल्यांपैकी एक, मूळचा तिकडचाच. निवृत्तीनंतर त्याचे फोन येत राहिले. "कदम, तू काढलेल्या रस्त्यावर घर बांधलं लेका म्या. एकदा येऊन तं पाय."

पहिला दिवस : धामणगावहून वर

धामणगावला रेल्वेतून उतरलो आणि एसटी धरली. दुतर्फा मोकळी शेतं, बांधावर रचलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली झाडं. सागाला एक पान नाही. गाडी हळूहळू माळावर चढत जाते आणि चढण संपली की एकदम शहर सुरू होतं.

मी पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. आमच्याकडे रात्री दोनला गाव जसं दिसतं तसं हे शहर दुपारी एकला दिसत होतं. दुकानांची शटरं अर्धी ओढलेली, रस्त्यावर कुत्रं नाही, खिडक्यांना वाळ्याच्या ओल्या ताट्या. सगळीकडून कूलरची घरघर तेवढी येत होती. माणसं आहेत हे कानाला कळत होतं, डोळ्याला दिसत नव्हतं.

वानखडे स्कूटरवर न्यायला आला होता. वाढीव वस्तीच्या रस्त्याला लागलो आणि मला एक विचित्र गोष्ट जाणवली. पुढे काय येणार ते मला माहीत होतं. "आता डावीकडे शाळा येईल," मी म्हणालो. आली. "पुढे तीन रस्ते मिळतात." मिळाले. आपण केलेलं काम उभं राहिलेलं पाहून माणसाला आनंद व्हावा. मला मात्र तो होईना. कोऱ्या कागदावर आपण मारलेल्या रेघांमधून आपणच स्कूटरवर बसून चाललोय, हे काही बरं वाटेना.

"आनि हा तुह्या नकाशातला सगळ्यात सरळ रस्ता," वानखडे म्हणाला.

खरंच सरळ होता. एका अंगाला हिवरमाळ हे जुनं गाव, आता शहरात आलेलं. दुसऱ्या अंगाला नवं ले-आउट, बंगले, गेटं, कुंड्या. फक्त रस्त्याला लागून त्या बाजूला एकच मातीचं, कौलारू घर होतं. गावासारखंच जुनं, पण गावापासून रस्त्याने तोडलेलं. त्याच्या पाठीमागे बारीकशी बोळ आणि बोळीच्या पलीकडे वानखडेचं गेट.

"हे एकटं घर इकडे कसं?"

"सोनाबाईचं हाय," तो म्हणाला आणि त्याने स्कूटर आत घेतली.

वहिनींनी पातोडीची भाजी केली होती. आपल्या पाटवडीचीच ही बहीण, पण रस्सा असा की कानातून वाफ निघावी. मी दोन भाकरी खाल्ल्या आणि तांब्याभर पाणी प्यालो. त्यावर वहिनी हळूच म्हणाल्या की नळ आता चार दिवसांनी येणार आहे. मग मी घोटघोट पिऊ लागलो.

दुसरा दिवस : शहर

सकाळी सहालाच आम्ही बाहेर पडलो. तर्री पोहे खाऊन वानखडेने मला त्याचं शहर दाखवलं. तो स्वतःला शहराचा इतिहासकार समजतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे यवतमाळ कापसाने वसवलं आणि गोऱ्या सायबाने आखलं. माळावरची थंड हवा सायबाला मानवली, त्याने बंगले बांधले. कापूस वाहायला अरुंद रुळांची छोटी गाडी आली, सरकी काढायचे कारखाने आले, हमाल, आडते आणि वकील आले. ती गाडी बंद पडून किती वर्षं झाली. आम्ही रुळांवर जाऊन उभे राहिलो. रुळांमध्ये बाभळी वाढल्या होत्या, एक बाई तिथेच शेवया वाळत घालत होती. "गाडीची शिट्टी अजून येते म्हंतात लोकं," वानखडे म्हणाला. मी हसलो. शेवयावाली बाई हसली नाही.

परत येताना हिवरमाळच्या तोंडाशी दोन नवे बांबू रोवलेले दिसले. त्यांच्यावर आंब्याच्या पानांचं तोरण होतं, पण दाराला लावतो तसं सरळ नव्हे, पानं उलटी टांगलेली.

"परवा गावबांधणी हाय," वानखडेने सांगितलं. रोगराई आत येऊ नये म्हणून गाव मंत्राने बांधून घ्यायचं. पुजारी कोलाम आदिवासी लागतो. तो लांबच्या पोडावरून, म्हणजे त्यांच्या वस्तीवरून येतो. तो शिवेवरून पूर्ण फेरी मारतो. फेरी होईपर्यंत गावात चूल पेटत नाही, पाणी भरत नाहीत, कोणी आत येत नाही की बाहेर जात नाही. प्रत्येक घर एकेक जुनी वस्तू देतं, त्यातून एक सूप, एक फडा म्हणजे आपली केरसुणी, आणि एक टोपलं निवडतात. गावाचं दुखणंभाणं त्यात भरून उगवतीच्या अंगाला शिवेबाहेर ठेवतात.

आमच्याकडेही पूर्वी वेशीबाहेर उतारा टाकत. मी त्याला म्हटलं, यात काय नवल. "शहरात करतात, हेच नवल," तो म्हणाला.

तिसरा दिवस : सोनाबाईची खोली

वानखडे बँकेत गेला होता. मी बोळीत सावली बघून उभा होतो, तर मागच्या दारातून हाक आली. "भाऊ, उन्हात काहून उभे? या, ताक घ्या."

सोनाबाई सत्तरीच्या असतील. कोरडं अंग, ताठ मान, कपाळावर हिरवं गोंदण. ताक झकास होतं, वर कैरीची फोड. मी जागा शोधत पडवीतल्या एका दाराला टेकलो, तर त्या पटकन म्हणाल्या, "त्याले टेकू नका."

आता असं म्हटल्यावर कोण विचारणार नाही? त्यांनी कडी काढली.

आत जमिनीपासून आढ्यापर्यंत सुपं होती. एकावर एक रचलेली, प्रत्येकात एक फडा आणि खाली एक टोपलं. काही नवी वाटावीत अशी, काही काळी पडलेली. भिंतीवर कोळ्याचं जाळं नव्हतं. जमिनीवर उंदराची लेंडी नव्हती. बाहेर बेचाळीस-पंचेचाळीसचं ऊन असेल, आत पायाला जमीन गार लागली. मी तिथे मिनिटभर उभा होतो, आणि एवढ्या सगळ्या केरसुण्या आपल्याकडे तोंड करून आहेत असं मला वाटलं. हसण्यासारखं आहे, पण तेव्हा हसू आलं नाही.

"दरसाल माह्याच दाराशी ठेवतात ना," त्या म्हणाल्या. "मी बाहेरची. टाकलं तं दुसऱ्याच्या दारी जाते. जाळलं तं धुरानं परत येते. मंग ठेवते."

"पण तुम्ही बाहेरच्या कशा? घर तर गावाइतकं जुनं आहे."

"होय ना. पह्यले शीव घरामागून जाये. माह्या सासऱ्यानं घर शिवेच्या जरा बाहेर बांधलं, तं गावानं शीव वाकवली अन् घराले आत घेतलं. मंग तो नवा नकाशा आला. पटवाऱ्यानं दाखवला. त्यात रेघ सरळ, घराच्या पुढून. तिच्यावरूनच रस्ता झाला. म्हातारे लोकं म्हणले, सरकारनं शीव बदलली, आता बांधणी इथूनच. खोट्या शिवेवर बांधलं तं सुटते म्हणे."

मी ताकाचा पेला खाली ठेवला. ती जागा मला आठवली. जुन्या गावनकाशात हद्दीची रेषा एका ठिकाणी कोपरासारखी बाहेर आली होती. आधीच्या माणसाचा हात हलला असेल, असं समजून मी पट्टी लावली आणि रेषा सरळ केली. साहेबांनी त्या रेषेचं कौतुकही केलं होतं. एक हलकासा झटका, आणि ही बाई इतकी वर्षं गावाचं दुखणं घरात घेत बसली होती.

"लोक वाईट वागतात का?" मी कसंबसं विचारलं.

"नाई बाप्पा. लग्नाले बोलावतात, मरणाले येतात. फक्त तो एक दिवस." मग त्यांनी मोबाइल काढून एक फोटो दाखवला. गुटगुटीत पोर होतं. "नातू. पोरगा बुटीबोरीले कंपनीत हाय. सात महिन्याचा झाला हा, मले अजून हातात भेटला नाई. सुनेची माय म्हणते, असल्या घरात लेकरू न्यायचं नाई. खोटं नाई बोलत ते. मी तिच्या जागी असती तं मीबी नसतं पाठवलं."

मला त्यांना तिथेच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. ताक छान होतं म्हणालो आणि उठलो. स्वतःची इतकी शरम मला क्वचित वाटली आहे.

संध्याकाळी वानखडेला सांगितलं. तो आधी मोठ्याने हसला, मग माझं तोंड पाहून थांबला. "मोजणी म्याच केली होती बे," तो म्हणाला. "तो कोपरा म्या बरोबर आणला होता." मग त्याने चपला घातल्या आणि मला देवळाकडे नेलं.

पुजारी त्या दिवशीच आला होता, देवळाच्या ओट्यावर बसला होता. लेतूबाबा त्याचं नाव. अंगाने काटकुळा, डोळे पाणावलेले. गावातली चार-सहा माणसं भोवती होती. वानखडेने मला पुढे केलं आणि मी सगळ्यांदेखत सांगून टाकलं. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

लेतूबाबाने माझे पाय पाहिले. "रेघ तुमीच मारली?"

"हो."

"मंग तुमीच मोडा. कागद ज्यानं केला त्याच्या पायानं वळन पडलं तं ते धरते. उद्या अनवाणी माह्या पुढं चाला. बोलू नका. मागं पाहू नका."

गावकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एक म्हातारा म्हणाला, "होऊ द्या. आमालेबी ते बरं वाटत नोतं." बस्स, तेवढंच.

चौथा दिवस : बांधणी

तांबडं फुटायच्या आत मी बांबूंपाशी गेलो. गाव जागं होतं पण मुकं होतं. चुलीचा धूर नाही, बादलीचा आवाज नाही, रेडिओ नाही. माणसं आपापल्या दारात बसलेली, बायांनी पोरांच्या तोंडावर हात ठेवलेला. गायीसुद्धा उभ्या होत्या त्या उभ्याच. शहराच्या मधोमध अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

आम्ही चौघे निघालो. पुढे मी, मागे लेतूबाबा सुताचा दोरा सोडत आणि राख टाकत, त्याच्यामागे सूप-टोपलं धरलेली दोन माणसं. मावळतीकडून सुरुवात केली. ढेकळं, काटे, गटाराचा काठ, एका जिमची मागची भिंत. बांधणीची वाट शहर विचारात घेत नाही.

निम्मी फेरी झाली असेल तेव्हा मला पावलं ऐकू येऊ लागली. आधी वाटलं, गावातली काही माणसं सामील झाली. मग ती वाढली. अनवाणी, मऊ, धुळीत पडणारी पावलं, बाजार उठून चालावा इतकी. कुणीतरी खोकलं. एक तान्हं पोर कुरकुरलं आणि गप्प केलं गेलं. मान वळवायची नाही म्हणून मी समोर बघत होतो, आणि माझ्या मानेवर घाम नव्हता, काटा होता. भीती वाटत होती, हे सरळच सांगतो. मी देवधर्माचा माणूस नाही. पण त्या वेळी कुणी विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की माझ्यामागे एक अख्खं गाव चाललं आहे, आणि ते गाव दारात बसलेलं गाव नव्हे.

सरळ रस्ता आला. एक दुधाची गाडी आणि दोन मोटारसायकली थांबल्या. कुणी हॉर्न वाजवला नाही. मी रस्ता ओलांडला, सोनाबाईच्या घराच्या डाव्या अंगाने आत शिरलो, मागच्या बोळीतून वळलो आणि उजव्या अंगाने परत रस्त्यावर आलो. उभ्या आयुष्यात काढलेली ही माझी पहिली वाकडी रेषा. दोरा पुरला. बांबूंपाशी गाठ बसली.

मग आम्ही पुन्हा उगवतीला आलो, कारण सामान ठेवायचं राहिलं होतं. आणि इथे मी गाढव ठरलो. घर आत घ्यायचा विचार मी केला होता, वानखडेनेही केला होता. शिवेबाहेर पुढे कोण येतं, याचा विचार आम्ही दोघांनी केला नव्हता. लेतूबाबा बोळीत उभा राहिला आणि त्याने सूप, फडा, टोपलं दोऱ्याच्या पलीकडे ठेवलं. दोऱ्याच्या पलीकडे वानखडेचं गेट होतं.

पावलं थांबली. मी मागे वळून पाहिलं. आम्ही चौघेच होतो.

गेटमध्ये वहिनी उभ्या होत्या, हातात दुधाची पिशवी. त्यांनी सुपाकडे पाहिलं, मग शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे. वानखडेच्या तोंडचा रंग गेला होता. इतकी वर्षं त्या बाईच्या शेजारी राहून त्याला कधी भीती वाटली नव्हती, आता वाटली.

तेवढ्यात सोनाबाई मागच्या दारातून आल्या. दरसालच्या सवयीने त्या वाकल्या आणि त्यांनी सुपाला हात घातला.

"नाई," लेतूबाबा म्हणाला. "तू आता आतली. तुले चालत नाई."

त्या तशाच वाकून राहिल्या. मग हळूच सरळ झाल्या आणि त्यांनी रिकामे हात पदराला पुसले. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी वहिनींकडे पाहिलं आणि अपराध केल्यासारख्या म्हणाल्या, "बाई, माह्यामुळं तुमच्यावर आलं."

"त्यांच्यावर नाही," मी म्हणालो आणि सूप उचललं.

ते जड होतं. रिकामं, झिजलेलं, दोन ठिकाणी सुटलेलं बांबूचं सूप ते, पण मला दोन्ही हात लावावे लागले. लेतूबाबाने मान डोलावली. "लांबचे हाय तुमी," तो म्हणाला. "बरं झालं."

त्यानंतर गावात चुली पेटल्या. खोलीतली जुनी सुपं आता शिवेच्या आत आली होती आणि आत आलं की सूप नुसतं सूप, असं लेतूबाबाने सांगितलं. घराघरातून एकेक माणूस आला आणि आपापलं घेऊन गेला. त्या सुपांचा बांबू चुलींत गेला. दुपारपर्यंत ती खोली मोकळी झाली. सोनाबाईंनी ती सारवायला घेतली आणि सारवता सारवता पोराला फोन लावला. मला फक्त त्यांचं बोलणं ऐकू आलं : "बाळाले टोपी घालून आन. ऊन हाय."

सातारा

परतीच्या गाडीत एका बाईने विचारलं, "सूप तिकडून आणलंत? इथे मिळत नाही का?" मी म्हटलं, असलं नाही मिळत. शेजारचा माणूस थोड्या वेळाने उठून दुसरीकडे बसला. त्याला मी काही सांगितलं नव्हतं.

सूप, फडा आणि टोपलं गॅलरीत ठेवलं आहे. बायकोला सगळं सांगितलं. ऐकून तिने गॅलरीकडचं पोळ्या लाटायचं टेबल आत घेतलं. पहिल्या महिन्यात मी जुने नकाशे काढून बसत असे. ज्याच्यापुढे कुणाचंच दार नाही अशी एखादी जागा मिळाली तर तिथे नेऊन ठेवू, असा विचार होता. नकाशावर सगळीकडे दारं आहेत. मी चाळीस वर्षं नकाशे पाहिले, पण हे पाहिलं नव्हतं. मग मी नकाशे गुंडाळून ठेवले.

सोनाबाईंचा नातू रांगायला लागला, त्याच खोलीत. वानखडेने फोटो पाठवला होता. पोराच्या हातात लाडू आहे आणि मागे आजी हसते आहे.

काल रात्री जेवणाच्या वेळी वानखडेचा फोन आला. बांधणीचा दिवस ठरला, म्हणाला. मग तब्येत विचारली, साताऱ्यात ऊन कसं आहे विचारलं, मुलांचं विचारलं. यंदाचं सूपही त्याच्याच गेटापुढे येणार होतं; मी वाट पाहत होतो. शेवटी म्हणाला, "तुही वहिनी विचारून राह्यली, यंदाबी येतो ना रे कदम?"

बायकोने मान वर न करता माझ्या ताटात भात वाढला. "सांगा, येतो," ती म्हणाली. आज सकाळी मी तिकीट काढून आलो.